सिंधुदुर्गातील काजू प्रक्रिया उद्योग

सिंधुदुर्गातील काजू प्रक्रिया उद्योग हा महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणातील, काजू बीपासून काजूगर तयार करणारा, प्रामुख्याने लघु आणि सूक्ष्म स्वरूपाचा उद्योग आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण आणि कणकवली या तालुक्यांत त्याची लहान-मोठी केंद्रे आढळतात. त्यांपैकी अनेक केंद्रे कुटुंबे किंवा महिला बचत गट चालवतात. कच्चा माल वर्षातून केवळ तीन-चार महिने मिळतो; प्रक्रिया आणि विक्री मात्र वर्षभर चालवावी लागते. त्यामुळे या व्यवसायाची वाढ यंत्रसामग्रीपेक्षा हंगामातील खरेदी, साठवण आणि खेळत्या भांडवलाच्या नियोजनावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

काजूचे झाड मूळचे ब्राझीलमधील असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. कोकणातील जांभ्या दगडाच्या उताराच्या जमिनीत ते चांगले रुजले. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची स्थापना १९५७ मध्ये झाली. हे केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. येथे ‘वेंगुर्ला’ या नावाने क्रमांकित जाती विकसित करण्यात आल्या. त्यांपैकी वेंगुर्ला-४ आणि मोठ्या बीची वेंगुर्ला-७ या जाती लागवडीत विशेष प्रचलित आहेत. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. तिच्यामुळे पडीक वरकस जमिनीवर काजूच्या बागा उभ्या राहिल्या आणि स्थानिक प्रक्रिया केंद्रांना कच्चा माल उपलब्ध झाला. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

प्रक्रिया

बागेतून गोळा केलेली बी प्रथम उन्हात दोन-तीन दिवस वाळवली जाते. वाळलेली बी पोत्यांत भरून जमिनीच्या ओलीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचतात. प्रक्रियेच्या वेळी ती वाफेवर शिजवून थंड केली जाते आणि हाता-पायाने चालणाऱ्या किंवा स्वयंचलित कटरवर फोडली जाते. टरफलातून काढलेला गर ड्रायरमध्ये वाळवला की त्यावरची तांबूस साल सैल होते. साल काढल्यानंतर प्रतवारी आणि हवाबंद वेष्टन या अखेरच्या पायऱ्या असतात. सालासकट विकला जाणारा काजूगर ही या भागातील बाजारपेठेची ओळख आहे. हंगामाच्या आरंभी ओले काजूगर उसळीसाठी विकले जातात. त्यांना प्रक्रियेची गरज नसली तरी ते सोलण्याचे काम वेळखाऊ असते.

अखंड पांढऱ्या गराची प्रत एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात यावरून ठरते. डब्ल्यू-१८० या प्रतीचा गर डब्ल्यू-३२० पेक्षा मोठा आणि महाग असतो. फुटलेल्या गराचे पाकळी, तुकडा आणि कणी असे प्रकार पडतात व त्यांचा भाव उतरत जातो.

खरेदी आणि भांडवल

बीचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारी ते मे असा असतो. काजूगराला मोठी मागणी मात्र गणेशोत्सव ते दिवाळी या काळात येते. खरेदीत गुंतवलेला पैसा परत येण्यास त्यामुळे अनेक महिने लागतात. हा काळ निभावता न आल्यास केंद्र पावसाळ्यात बंद ठेवावे लागते किंवा व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने बी घ्यावी लागते.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. रोज २०० किलो बी फोडणाऱ्या केंद्राला २५० दिवसांसाठी ५० टन बी लागते. बीचा भाव किलोला १२० रुपये धरल्यास खरेदीसाठी ६० लाख रुपये उभे करावे लागतात. साठा दहा महिन्यांत सारख्या गतीने संपला, तर सरासरी ३० लाख रुपये अडकून राहतात. दहा टक्के दराने त्यांचे व्याज अडीच लाख रुपये होते. दुसरीकडे, बीपासून मिळणाऱ्या गराचे प्रमाण २७ टक्क्यांऐवजी २८ टक्के आले, तर ५०० किलो गर अधिक मिळतो. सातशे रुपये सरासरी भावाने त्याची किंमत साडेतीन लाख रुपये होते. एका टक्क्याचा हा फरक वर्षाच्या व्याजापेक्षा मोठा आहे.

म्हणूनच अनुभवी प्रक्रियादार केवळ भाव पाहून खरेदी करत नाहीत. प्रत्येक ढिगातील नमुना फोडून भरलेली, पोकळ, किडकी आणि बुरशी आलेली बी वेगळी मोजली जाते. व्यापारात हे प्रमाण ८० किलोच्या पोत्यामागे मिळणाऱ्या गराच्या पौंडांत सांगण्याचीही पद्धत आहे. ४८ पौंडांचा उतारा म्हणजे सुमारे २७ टक्के गर. ओली बी वजनात भरते, परंतु साठवणीत घटते आणि काळवंडते. उताऱ्यानुसार दर देणाऱ्या खरेदीदाराकडे चांगला माल आणणारे बागायतदार टिकून राहतात.

शेतकऱ्यालाही हंगामात पैशांची निकड असते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बीचा समावेश आहे. बी बाजार समितीच्या गोदामात ठेवून तिच्यावर कर्ज घेतल्यास ती पडत्या भावात विकण्याची वेळ टळते.

मनुष्यबळ

बी फोडणे, साल काढणे आणि प्रतवारी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. फोडताना कसब कमी पडले, तर अखंड गराऐवजी पाकळी आणि तुकडा वाढतो. म्हणजे कामगाराच्या हातावरच केंद्राचा नफा ठरतो. असे कसब अनेक महिन्यांच्या सरावाने येते. साठा संपून केंद्र बंद पडले की कुशल कामगार दुसरीकडे जातात आणि पुढील हंगामात नव्यांना शिकवावे लागते. यंत्राच्या साहाय्याने वेग वाढत असला, तरी लहान-मोठ्या आकाराची बी एकत्र घातल्यास गर फुटण्याचे प्रमाण वाढते.

टरफलातील तेल दाहक असते. त्याने कातडी जळते व बोटे काळी पडतात. हातमोजे न वापरता केवळ तेल किंवा राख लावून काम करण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजूनही दिसते. वजनावर मजुरी मिळत असल्याने हातमोज्यांमुळे गती मंदावते, ही कामगारांची अडचण असते. हातमोजे पुरवण्याबरोबर मजुरीचा दर ठरवताना याचा विचार न केल्यास ते वापरात येत नाहीत.

विक्री

ठोक व्यापाऱ्याला विकल्यास पैसा लवकर मिळतो, पण नफा कमी राहतो. किरकोळ विक्रीत दर चांगला मिळतो. मात्र वेष्टन, वाहतूक आणि उधारी यांचा भार केंद्रावर येतो. मालवण, तारकर्ली व सावंतवाडी येथे येणारे पर्यटक आणि सणाला गावी येणारे चाकरमानी हे किरकोळ विक्रीचे मोठे ग्राहक आहेत. आयात केलेल्या बीपासून तयार झालेला गर स्थानिक म्हणून विकला गेल्यास भौगोलिक मानांकनाचा लाभ नाहीसा होतो. यासाठी स्थानिक आणि बाहेरील मालाच्या स्वतंत्र नोंदी ठेवणे महत्त्वाचे ठरते.

शासकीय साहाय्य

अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो. २००८ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ओरोस येथील जिल्हा उद्योग केंद्रामार्फतही राबवला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांचा भर मुख्यतः यंत्रे आणि उभारणीवर असतो. त्यामुळे यंत्राची क्षमता वाढली, पण बीच्या खरेदीसाठी भांडवल उरले नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. क्षमता वाढवण्यापूर्वी आधीचे यंत्र वर्षातून किती दिवस चालले, हे तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

उपपदार्थ

टरफलाचे तेल रंग, राळ आणि वाहनांच्या ब्रेकसाठीचे घर्षणसाहित्य यांत वापरले जाते. उरलेले टरफल इंधन म्हणून उपयोगी पडते. शेजारच्या गोव्यात बोंडूपासून फेणी बनवली जाते. सिंधुदुर्गात मात्र बराचसा बोंडू बागेतच वाया जातो. रस आणि सरबत यांचे प्रयोग झाले आहेत, परंतु तोडल्यावर बोंडू एक-दोन दिवसांतच खराब होत असल्याने बागेजवळच प्रक्रियेची सोय असावी लागते.