गिरणीच्या दारावरील फलक

नोकरी हा करार आहे, असें कायदा फार पूर्वींपासून सांगत आला. मालकानें वेतन द्यावें व नोकरानें काम करावें, इतका तो सरळ. परंतु या कराराच्या अटी लिहावयाच्या कोणीं, आणि त्या मोडल्या तर शासन कोणाला, या प्रश्नांचीं उत्तरें मात्र बराच काळ एकाच बाजूचीं होतीं. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्यान्वयें, आगाऊ रक्कम घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करतां येई, आणि त्याचा हुकूम न मानल्यास तुरुंगांत धाडतां येई. वेतन थकविणाऱ्या मालकाला तो कायदा तुरुंग दाखवीत नसे. तो रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

मुंबईच्या कापडगिरण्यांत नियम नव्हते असें नाहीं. हजेरी, रजा, दंड, कामावरून काढणें, या सर्वांविषयीं नियम होते. पण ते मालकांनीं केलेले. शिवाय खात्यांत प्रत्यक्ष सत्ता चाले ती जॉबरची. माणूस कामावर लावावयाचा त्यानें, आणि काढावयाचाही बहुधा त्यानेंच. अशा स्थितींत लेखी नियमाचा आधार कामगाराला कितीसा वाटणार?

१९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईंतील सुमारें दीड लाख गिरणी कामगारांनीं संप केला. वेतनांतील घट व कामाचा वाढता बोजा हीं त्याचीं मुख्य कारणें. परंतु गिरण्यांच्या नियमांचा प्रश्नही वादांत आला. संप मिटतांना जी चौकशी समिति नेमण्यांत आली, तिचे अध्यक्ष न्यायमूर्ति सर चार्ल्स फॉसेट हे होते. समितीनें वेतनाबरोबरच या नियमांचेंही परीक्षण केलें. मालकाचे घरचे नियम त्रयस्थानें तपासावे, ही कल्पना तेथें व्यवहारांत उतरली.

पुढें १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंट्यांच्या कायद्यानें अशा नियमांना, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सना, कायद्याचें अधिष्ठान दिलें. १९४६ सालीं मध्यवर्ती कायदा झाला. शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकानें नियमांचा मसुदा प्रमाणन अधिकाऱ्याकडे पाठवावा, कामगारांच्या हरकती ऐकून त्यानें तो प्रमाणित करावा, अशी ती योजना होती. तींत एक साधें पण मोलाचें कलम होतें : हे नियम इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेंत, ज्या दारानें बहुतेक कामगार आंत येतात त्या दाराजवळ व प्रत्येक खात्यांत फलकावर लावावे. मात्र नियम न्याय्य आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास प्रथम नव्हता. तो १९५६ च्या दुरुस्तीनें मिळाला.

या नियमांचें खरें मोल भाकरीच्या प्रश्नाशीं निगडित आहे. आदर्श नियमांप्रमाणें गैरवर्तनाचा आरोप कामगाराला लेखी कळविला पाहिजे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधि दिली पाहिजे, आणि शिक्षा ठरवितांना अपराधाची गंभीरता व त्याचें मागील वर्तन हीं दोन्ही लक्षांत घेतलीं पाहिजेत. चौकशी लांबली तर निलंबित माणसानें खावें काय, या प्रश्नाचें उत्तर १९८२ च्या दुरुस्तीनें दिलें : पहिले ९० दिवस अर्धें वेतन, आणि विलंब कामगाराच्या वर्तनामुळें झालेला नसल्यास त्यापुढें पाऊण वेतन. म्हणूनच अशा प्रकरणांत जाणता वकील बडतर्फीच्या पत्राबरोबर प्रमाणित नियमांची प्रतही मागतो. नियम मालकानें लिहिला असला, तरी एकदां प्रमाणित झाल्यावर तो मालकालाही बांधतो. चौकशी टाळून दिलेली बडतर्फी न्यायाधिकरणापुढें लंगडी पडते, आणि मग कारखान्याला तेथें पुरावा पुन्हा मुळापासून मांडावा लागतो.

२०२० सालीं संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. १९४६ च्या कायद्याची जागा आतां तिनें घेतली आहे, आणि स्थायी आदेशांच्या प्रकरणासाठीं कामगारसंख्येची मर्यादा तीनशेंवर नेली आहे. दोनशें कामगारांच्या कारखान्यावर या प्रकरणाची सक्ति नाहीं. तेथील माणसाला आपली नोकरी कोणत्या कारणानें जाऊं शकते, हें दारावरच्या फलकावर सांपडेलच असें नाहीं; नेमणुकीचें पत्र त्यानें अधिक काळजीनें वाचावें, आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांनीं तें अधिक काळजीनें लिहावें.