छेदाचा क्रम : जाळी, लेणें आणि पोथी

लेण्याचा आकार हाच त्याच्या घडणीच्या क्रमाचा पुरावा, असें गृहीत धरून पुष्कळदां लिहिलें जातें. हें गृहीत कितपत टिकतें, तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विचारास निमित्त अगदीं साधें घडलें. कुरखेडा येथील माझा एक जुना विद्यार्थी संगणकावर दाराच्या जाळीचा आराखडा करीत होता. सपाट फळींतून त्यानें कमळाची एक पाकळी आरपार कापली व तोच छेद ४५ अंशांच्या अंतरानें फिरवून ८ पाकळ्या केल्या. मग मधोमध चकती जोडून तिला भोंक पाडलें. प्रत्येक कृतीची नोंद पडद्याच्या कडेस यादींत होत होती. पाकळ्यांचा क्रम बदलला तरी जाळी तीच राहिली. परंतु भोंक यादींत चकतीच्या आधीं सरकवितांच चकतीनें तें बुजवून टाकलें.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. इव्हान सदरलंड यांनीं अमेरिकेंतील एमआयटी येथें १९६३ सालीं ‘स्केचपॅड’ सिद्ध केलें. पुढें रॉचेस्टर विद्यापीठांत व्होएलकर व रिक्विचा यांनीं घनाकृतींच्या बेरजेचें व वजाबाकीचें शास्त्र बांधलें. वजाबाकीनें आकृति साधण्याची कल्पना मात्र आपणांस परकी नाहीं. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत मोठ्या चौरसांतून लहान चौरस वजा करण्याची रीत आहे. मोठ्या चौरसांतून लहानाच्या बाजूएवढी रुंद पट्टी घ्यावी. तिची लांब बाजू एका टोकाशीं स्थिर धरून समोरच्या लांब बाजूवर तिरपी टेकवावी. ती जेथें टेकेल तेथपर्यंतचा भाग ही शेष चौरसाची बाजू. ५ व ३ या बाजू घेतल्यास ४ मिळते. म्हणजे २५ मधून ९ जाऊन १६ उरतात. येथें क्षेत्र वजा होतें, भोंक पडत नाहीं, हा भेद ध्यानीं ठेविला पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. केवळ वजाबाक्या असतील तर त्यांचा क्रम कोणताहि असो, शेष एकच राहतो. बेरीज मध्यें आली म्हणजेच क्रमाला अर्थ येतो. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत एक मार्ग सरळ टेकडींत शिरतो व त्याच्या टोकास बुद्धाची बैठी मूर्ति आहे. प्रवेशाजवळ दोहों बाजूंस आडवे मार्ग आहेत. मुख्य मार्ग टोकास नेल्यावर आडवे मार्ग कोरले, कीं तो अर्धा असतांनाच, हें निव्वळ नकाशा सांगूं शकत नाहीं. दोहों परींनीं नकाशा एकच. वेरूळचें कैलास वरून खालीं कोरलें असें आपण म्हणतों, तेंहि आकृतीवरून नव्हे. वरचा खडक फोडल्यावांचून खालच्यापर्यंत हात पोंचत नाहीं, या व्यवहारावरून म्हणतों.

चामोर्शी तालुक्यांतील मार्कंडा येथील देवालय याहून निराळें. तें चिऱ्यांनीं बांधलेलें. मूळ बांधणीवर पुढील डागडुजी झालेली. जोडकाम असल्यानें तेथें आधींचें व नंतरचें ओळखतां येतें. पोथीचेंहि तसेंच. चुकलेलें अक्षर हरताळ लावून झांकतात व त्यावर नवें लिहितात. हरताळाखालीं काय व हरताळावर काय, यावरून शोधकाचा हात मूळ लेखकाच्या हातानंतरचा ठरतो.

यावरून निष्पन्न होतें तें असें. संगणकाच्या यादींत घडणीचा क्रम राहतो. कातळांत तो राहत नाहीं. तेथें साक्ष द्यावयास छिन्नीचे घाव, अर्धवट सोडलेले कोपरे व गिलाव्याचे थर एवढेच उरतात. आज किरणयंत्रानें लेण्याचें माप सूक्ष्मपणें घेतां येतें, पण तें माप शेष आकृतीचें, कृतींचें नव्हे. म्हणून साफसफाईच्या भरांत भिंत घासली, किंवा जीर्णोद्धारांत जुना चिरा तासून गुळगुळीत केला, तर आकार शाबूत राहूनहि इतिहास नष्ट होतो. आपल्या संग्रहांतील पोथीवरचा हरताळ खरवडून ‘शुद्ध’ प्रत करण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनींहि हेंच ध्यानीं घ्यावें. माप घेण्यापूर्वीं घावांची नोंद करावी, एवढीच संशोधकांस विनंती आहे.