कादंबरींतील तोफ आणि चंद्रावरील पाऊल

अमेरिकेंतील यादवी युद्ध इ. स. १८६५ मध्यें संपलें. त्याच सालीं पॅरिसमध्यें एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ मोठा गमतीचा आहे. बाल्टिमोर शहरांतील ‘गन क्लब’ नांवाच्या मंडळांत तोफा ओतण्याच्या विद्येंत मुरलेले गृहस्थ जमले आहेत. कोणाचा हात तुटलेला, कोणाचा पाय लाकडाचा. पण त्यांचें दुःख त्याबद्दल नाहीं. युद्ध संपलें आणि तोफांना काम उरलें नाहीं, हें त्यांचें दुःख! अखेर अध्यक्ष बार्बिकेन यांस एक कल्पना सुचते. पृथ्वीवर मारावयास शत्रु नसेल, तर एक प्रचंड तोफ ओतून तिचा गोळा थेट चंद्रावरच कां सोडूं नये? पुढें त्या गोळ्यांत बसून तीन माणसेंहि प्रवासास निघतात. ज्यूल व्हर्न याची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही ती कादंबरी.

चंद्रावर जाण्याच्या कथा त्यापूर्वीं नव्हत्या असें नाहीं. परंतु त्या कथांतील प्रवासी वावटळींत सांपडून, पक्ष्यांच्या पंखांवर बसून किंवा स्वप्नांत तेथें पोंचत. व्हर्ननें ही रीत मोडली. तो कांहीं शास्त्रज्ञ नव्हता. नांत येथील एका वकिलाचा हा मुलगा. कायद्याची परीक्षा देऊनहि तो वकिलीस पाठमोरा झाला आणि आधीं नाटकांकडे व मग कादंबरीकडे वळला. मात्र शास्त्रीय नियतकालिकें वाचण्याचा आणि टिपणें काढण्याचा त्याचा नाद विलक्षण होता. त्यामुळें त्याच्या कथेंत मंत्र नाहीं, हिशेब आहे. तोफेची लांबी ९०० फूट; ती फ्लोरिडांत जमिनीच्या पोटांत उभी ओतावयाची. गोळा ॲल्युमिनियमचा, कारण ती धातु त्या काळीं महाग असली तरी हलकी. तोफेंतून सुटतांना गोळ्याचा वेग सेकंदास १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ सात मैल. पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटण्यास वेग लागतो, तो साधारण एवढाच.

मात्र या हिशेबांत एक मोठी चूक होती. ९०० फुटांच्या नळींतून इतक्या वेगानें बाहेर पडावयाचें, तर तो सारा वेग गोळ्यास एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शांत मिळाला पाहिजे. आंतील प्रवाशाला त्या क्षणीं आपलें वजन वीस हजार पटींहून अधिक झाल्यासारखें वाटेल. किंबहुना तसें वाटावयास तो जिवंत उरणारच नाहीं. व्हर्ननें गोळ्याच्या तळाशीं पाण्याचा थर ठेवून हा धक्का सौम्य केला आहे. पण तो उपाय कथेपुरताच. असें असतांहि पुढील पिढींतील शास्त्रज्ञांनीं या कथाकाराचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. त्यानें प्रश्न अशा नेमक्या आंकड्यांत मांडला होता कीं, वाचणारास पाटी घेऊन तो स्वतः सोडवून पाहण्याचा मोह व्हावा.

ज्यांना हा मोह झाला, त्यांतील पहिला रशियांतील एक शाळामास्तर होता. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की याचा जन्म १८५७ चा. लहानपणीं एका कडक तापानें त्याचें ऐकणें जवळजवळ गेलें आणि शाळा सुटली. मॉस्कोंतील वाचनालयांत बसून, काळ्या पावावर दिवस काढून, त्यानें स्वतःच गणित व पदार्थविज्ञान आत्मसात् केलें. पुढें बोरोव्स्क व कालुगा या गांवीं त्यानें आयुष्यभर मुलांना शिकविलें. अंतराळप्रवासाच्या विचाराचें बीज आपल्या मनांत व्हर्ननें टाकलें, असें तो सांगे. तोफ निरुपयोगी आहे, हें त्यानें ओळखलें आणि अग्निबाणाची वाट धरली. होडींत बसून मागें दगड फेकले तर होडी पुढें सरकते. अग्निबाण तसाच मागें वायु फेकून पुढें जातो. त्याला ढकलण्यासाठीं बाहेर हवा असण्याची गरज नाहीं, आणि वेगहि हळूहळू वाढत असल्यामुळें आंतील माणूस चिरडत नाहीं. हा सारा विचार गणितांत बसवून त्यानें १९०३ मध्यें प्रसिद्ध केला. इंधन म्हणून द्रवरूप हायड्रोजन व प्राणवायु यांची योजनाहि त्यानें त्याच लेखांत सुचविली. लेखाकडे त्या वेळीं फारसें कोणीं पाहिलें नाहीं. त्यानें कथाहि लिहिल्या. सूत्र आणि गोष्ट हीं त्याच्या दृष्टीनें एकाच कामाचीं दोन अवजारें होतीं.

दुसरा अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडर्ड. त्याच्या मनाची पकड घेतली ती मुख्यतः इंग्रज कादंबरीकार वेल्स याच्या मंगळवासीयांच्या कथेनें. १९ ऑक्टोबर १८९९ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, चेरीच्या झाडाच्या फांद्या छाटण्यास तो वर चढला असतां मंगळापर्यंत जाणारें एखादें यंत्र करतां आलें तर काय होईल, या विचारांत तो गढून गेला. तो दिवस त्यानें जन्मभर स्मरणांत ठेवला. १९२० मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें अग्रलेखांत त्याची टर उडविली. निर्वात जागेंत अग्निबाण चालूं शकत नाहीं, एवढें शाळेंतलें ज्ञानहि या प्राध्यापकास नाहीं, असा त्या टीकेचा आशय होता. गॉडर्ड गप्प राहून काम करीत राहिला. १६ मार्च १९२६ रोजीं ऑबर्न येथील एका शेतांत त्यानें द्रवरूप इंधनावर चालणारा जगांतील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला आणि ४१ फूट उंच गेला.

तिसरा हेरमान ओबेर्थ. १८९४ मध्यें ट्रान्सिल्व्हानियांतील जर्मन कुटुंबांत जन्मलेल्या या मुलानें बाराव्या वर्षाच्या आंतच व्हर्नचें पुस्तक जवळजवळ तोंडपाठ केलें. तोफेंतील प्रवासी वांचणार नाहींत, हा हिशेब त्यानें शाळेंत असतांनाच करून पाहिला. पुढें या विषयावरील त्याचा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठानें नाकारला; तेव्हां त्यानें १९२३ मध्यें तो शंभर पानांहून लहान अशा पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध केला. तोहि पेशानें शाळामास्तरच झाला.

येथें कला पुन्हां रंगभूमीवर येते. बर्लिनचा चित्रपटदिग्दर्शक फ्रित्स लांग यानें ‘चंद्रावरील स्त्री’ हा मूकपट काढावयास घेतला आणि शास्त्रीय सल्लागार म्हणून ओबेर्थ यास बोलाविलें. १५ ऑक्टोबर १९२९ रोजीं तो दाखविला गेला. त्यांत अनेक टप्प्यांचा अग्निबाण आहे, उड्डाणाचा भार सोसण्यासाठीं आडवे निजलेले प्रवासी आहेत, आणि उड्डाणापूर्वीं उलटे मोजलेले आंकडे आहेत. सुलटे मोजले तर बार केव्हां होणार हें प्रेक्षकांस कळणार नाहीं. म्हणून लांग यानें शून्याकडे मोजण्याची युक्ति काढली. नाट्यासाठीं शोधलेली ही मोजणी पुढें जगांतील उड्डाणकेंद्रांची नित्याची पद्धत झाली. चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं खरा अग्निबाण उडवावयाचा ओबेर्थचा बेत मात्र फसला. तरी त्या निमित्तानें सुरू झालेल्या प्रयोगांत १९३० मध्यें एक अठरा वर्षांचा तरुण त्याच्या हाताखालीं आला. त्याचें नांव व्हेर्नर फॉन ब्राउन.

यापुढील प्रकरण उत्सवाच्या भाषणांत बहुधा गाळलें जातें. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीच्या मोठ्या तोफांवर बंदी घातली होती; अग्निबाणाचा उल्लेख त्यांत नव्हता. जर्मन लष्करानें ही फट हेरली आणि १९३२ मध्यें फॉन ब्राउन लष्कराच्या कामास लागला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजीं पेनेम्युंडे येथून उडालेला अग्निबाण पन्नास मैलांहून अधिक उंच गेला. त्याच्या अंगावर लांगच्या चित्रपटांतील चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचें चित्र रंगविलेलें होतें! सप्टेंबर १९४४ पासून हेच अग्निबाण ‘व्ही-२’ या नांवानें पॅरिस, लंडन व अँटवर्प या शहरांवर पडूं लागले. एकट्या ब्रिटनमध्येंच अडीच हजारांहून अधिक माणसें त्यांनीं मारलीं. ते तयार होत हार्ट्स पर्वतांतील भुयारांत, कैद्यांच्या हातून. मिटेलबाउ-डोरा या छळछावणींत आणलेल्या सुमारें ६०,००० कैद्यांपैकीं सुमारें २०,००० उपासमार, रोगराई, अतिश्रम व फांशी यांस बळी पडले. फॉन ब्राउन त्या भुयारांत अनेकदां जाऊन आला होता.

व्हर्नच्या कथेंत तोफा ओतणारे लोक चंद्राकडे वळले होते. इतिहासांत नेमकें उलट घडलें. चंद्राकडे पाहणारे लोक तोफ ओतावयास बसले.

युद्ध संपल्यावर फॉन ब्राउन अमेरिकेस नेला गेला, आणि त्याच्या नेतृत्वाखालीं ३६३ फूट उंचीचा ‘सॅटर्न-५’ उभा राहिला. १६ जुलै १९६९ रोजीं तो फ्लोरिडांतून तीन माणसांस घेऊन उडाला, तेव्हां पंचाहत्तर वर्षांचा ओबेर्थ पाहुणा म्हणून तेथें हजर होता. दुसऱ्याच दिवशीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें एकोणपन्नास वर्षांपूर्वींची आपली चूक कबूल केली, पण गॉडर्ड १९४५ मध्येंच वारला होता. २० जुलैला आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. परतीच्या वाटेवर यानांतून बोलतांना आर्मस्ट्राँगनें व्हर्नच्या पुस्तकाचें स्मरण केलें. त्या यानाचें नांव ‘कोलंबिया’, व्हर्नच्या तोफेचें ‘कोलंबियाड’. आणि दोन्ही प्रवासांचा शेवट प्रशांत महासागरांतच झाला.

भविष्याचें चित्र रंगविणारा कलावंत चुकला तरी त्याचें काम वायां जात नाहीं. त्याची चूक सुधारण्यास दुसरे पुढें येतात. कालुग्यांतील बहिऱ्या मास्तरापासून फ्लोरिडापर्यंतची सांखळी हेंच सांगते. परंतु वेगाचा हिशेब सुधारणारे शास्त्रज्ञ मिळाले, तशी अग्निबाण कोणासाठीं आणि कोणाच्या श्रमानें उडतो, हें विचारणारीं माणसें त्या भुयारांच्या तोंडाशीं उभीं राहिलीं नाहींत. तो प्रश्न गणिताचा नव्हता, म्हणून गणितज्ञांवर सोपवून चालण्यासारखाहि नव्हता. नव्या यंत्रांचीं नवीं स्वप्नें आजहि रंगविलीं जात आहेत. आणि हा प्रश्न आजहि सामान्य नागरिकासच विचारावा लागणार आहे. तोफ चंद्राकडे वळवितां येते, हें व्हर्ननें दाखविलें. ती आपोआप तिकडे वळत नाहीं, हें डोराच्या भुयारांनीं दाखविलें.