'करणे' आणि 'सांभाळणे': घरातील शुश्रूषेच्या इतिहासाची काही भाषिक साधने

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत जे ब्राह्मी लेख सापडतात, त्यांपैकी तीन एकाच कुटुंबाचे आहेत. मगिल नावाच्या राजवैद्याचा एक, त्याच्या दत्ता नावाच्या मुलीचा दुसरा व दत्तक नावाच्या मुलाचा तिसरा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील हे लेख होत. राजवैद्यास तेथे 'राजवेज' म्हटले आहे, आणि मगिल स्वतःची ओळख 'वाच्छीपुत्र' अशी, म्हणजे आईच्या कुळनामावरून, करून देतो. पितापुत्र व कन्या यांनी आपापल्या नावाने स्वतंत्र दाने दिली, ही गोष्ट कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. परंतु या वैद्याची वाच्छी आई वृद्ध झाली तेव्हा तिची पेज कोणी शिजविली, हे शिलेवर कोणी कोरले नाही; कोरण्याचे कारणही नव्हते. दान ही लिहून ठेवावयाची गोष्ट होती, शुश्रूषा ही नव्हती.

पुढील दोन सहस्र वर्षांची साधने याहून फारशी उदार नाहीत. वतने, वाटण्या, दत्तविधाने आणि सारा यांच्या कागदांत वृद्ध आई दिसते ती बहुधा 'अन्नवस्त्रा'ची हक्कदार म्हणून. भावाभावांत वाटणी झाली की मातोश्रींचे अन्नवस्त्र कोणाकडे, हा प्रश्न येतो व त्याचा निवाडाही होतो. ते अन्न कोणी रांधावयाचे, हा प्रश्न कागदाच्या कक्षेतच येत नाही. म्हणून घरातील वृद्धसेवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दुसरीकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, ज्या कर्मास दप्तराने जागा दिली नाही त्याची नोंद बोलीने ठेवली आहे, आणि तीही बरीच काटेकोर.

प्रथम ग्रांथिक शब्द घेऊ. 'शुश्रूषा' हे संस्कृतातील श्रु धातूचे इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञाधारकता, आणि त्यावरून सेवा. म्हणजे या शब्दात सेवा करणारा कान आहे व ज्याची सेवा करावयाची तो बोलणारा आहे. हा गुरुगृहातील शिष्याचा शब्द होय. अंथरुणास खिळलेल्या व वाचा गेलेल्या म्हाताऱ्यास तो लावताना मूळची कल्पना पार उलटी होते. 'उस्तवारी' फारसीतून आली. 'उस्तुवार' म्हणजे दृढ, मजबूत. मराठीत आल्यावर तिचा अर्थ निगा राखणे, उठबस करणे असा झाला. 'पथ्य' हे मूळचे 'पथास योग्य' ते, व त्याच्या शेजारी फारसी 'परहेज' उभा आहे. निजामी अंमलातील मराठवाड्यात वैद्य व हकीम या दोघांची भाषा ज्यांच्या कानांवर पडे, त्यांना ही जोडी नवी नव्हती.

तथापि घरात हे शब्द क्वचितच वापरले जातात. घरात दोन क्रियापदे चालतात: 'सांभाळणे' आणि 'करणे'. 'मुलाने आईला शेवटपर्यंत सांभाळले' हे एक वाक्य व 'सुनेने सासूचे फार केले' हे दुसरे. पहिल्यात आई हे कर्म आहे आणि वाक्य परिपूर्ण आहे. दुसऱ्यात 'सासूचे' ही षष्ठी आहे. परंतु सासूचे काय केले, ते नाम वाक्यात नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते व न उच्चारलेल्या कर्माशी जुळते. हे कर्म ऐकणाऱ्यास ठाऊक असते: न्हाणे, भरविणे, लुगडे बदलणे, अंथरुणातले काढणे, रात्री दोनदा उठणे. ती यादी सांगणे शिष्टसंमत नाही आणि सांगण्याची आवश्यकताही नाही, म्हणून व्याकरणाने तेथे रिकामी जागा सोडली. 'म्हातारीचे करायला कोणी नाही' या वाक्यात तीच रिकामी जागा आहे, आणि ऐकणाऱ्यास धस्स होते ते तिच्यामुळेच.

या दोन क्रियापदांची वाटणी अपघाती नाही. 'सांभाळणे' यात छप्पर, धान्य व औषधपाणी यांची जबाबदारी येते. गुरे आणि जमीन यांनाही हेच क्रियापद लागते. ते मालकाचे क्रियापद आहे. 'करणे' हे हातांचे. पुरुष आईचे करीतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. ते करतात, पण मग वाक्य असे होते: 'त्याने आईचे सारे स्वतः केले'. हे 'स्वतः' सुनेच्या वाक्यात सहसा येत नाही. जेथे कर्तेपण गृहीत आहे तेथे ते सांगावे लागत नाही. जेथे आश्चर्य आहे तेथेच शब्द खर्ची पडतो. 'पांग फेडणे', 'उतराई होणे' हे प्रयोगही प्रायः मुलाच्या वाट्यास येतात. सुनेला सासूचे पांग फेडावयाचे नसतात. तिचे ऋण दुसऱ्याच घरी राहिलेले असते.

पुंडलिकाच्या कथेकडे या दृष्टीने कोणी पाहिल्याचे आढळत नाही. देव दारी आला असता मातापित्यांचे पाय चेपणाऱ्या पुत्राने वीट फेकली, हा महाराष्ट्रातील पितृसेवेचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. त्या दिवशी त्या घरात चूल कोणी पेटविली, याविषयी कथेला कुतूहल नाही.

आता चुलीकडेच वळू, कारण येथे सामग्री विपुल आहे. कन्नड हे घाटमाथ्यावरचे गाव. खाली औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. 1948 पर्यंत ही निजामी राज्य व इंग्रजी खानदेश यांची सीमा होती, पण स्वयंपाकाने ती फारशी मानली नाही. दोन्ही बाजूंस ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न होते. भाकरी हे दातांचे अन्न होय. दात गेलेल्या माणसासाठी त्याच धान्याची दुसरी रूपे करावी लागतात. सर्वांत सोपे म्हणजे भाकरी दुधात वा वरणात कुस्करून देणे. त्याहून मऊ ज्वारीच्या कण्या: भरडलेले दाणे मीठ घालून मंद आचेवर शिजवावयाचे व ताक घालून वाढावयाचे. त्याहून पातळ आंबील, पीठ आंबवून शिजविलेली. आणि तांदूळ असेल त्या घरी पेज.

या शब्दांची वये पाहण्यासारखी आहेत. 'पेज' हा संस्कृत 'पेया', प्राकृत 'पेज्जा' यांचा सरळ वंशज. आयुर्वेदाने दुर्बळ रोग्यास अन्न देण्याचा मंड, पेया, विलेपी असा जो क्रम लावला आहे, त्यातील मधली पायरी मराठी घरात नावानिशी जिवंत राहिली. 'आंबील' 'अम्ला'पासून, 'कण्या' 'कणा'पासून. 'राजवेज' मगिलाने रोग्यास पेया सांगितली असेल तर त्याच्या तोंडचा उच्चार आजच्या कन्नडमधील उच्चाराहून फार दूर नसावा. हा अर्थात तर्क आहे, पण ध्वनिनियमांस सोडून नाही.

कण्यांसाठी जाते लागे. पिठासाठी दळणे निराळे व कण्यांसाठी भरडणे निराळे. तेच जाते, पण घास मोठा व हात हलका. गिरणी आली तेव्हा पहाटेचे दळण सुटले, हा स्त्रियांच्या श्रमांतील मोठा उतार होता व त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र गिरणीत मूठभर ज्वारी भरडून मिळत नाही. एका माणसापुरत्या कण्या हे त्यामुळे अवघड काम झाले. 1972 च्या दुष्काळात शिधावाटप दुकानांतून आलेली परदेशी तांबडी ज्वारी, जिला लोक 'मिलो' म्हणत, तिची भाकरी धडधाकट माणसासही जड गेली. पुढे गहू व तांदूळ स्वस्त धान्य म्हणून घरोघर पोचले आणि म्हाताऱ्यांच्या ताटात कण्यांची जागा मऊ खिचडीने घेतली. पदार्थ बदलला, 'करणे' बदलले नाही.

जात्याबरोबर ओवीही गेली. पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातील ओव्यांचे जे कार्य केले ते सर्वश्रुत आहे. या ओव्यांत माय व लेक यांचे अंतर वारंवार येते. गाणारी सासरी दळीत असते व तिची आई दूर असते. हातातले पीठ ज्या म्हातारीसाठी आहे ती तिची आई नव्हे. पालकांची शुश्रूषा म्हणून आपण जिचा इतिहास लिहू पाहतो, ती करणाऱ्या हातांच्या दृष्टीने बहुतांशी दुसऱ्याच्या पालकांची होती. माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे.

कायद्याने बोलीतील ही वाटणी न कळत उचलली. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचे दायित्व मुलगा व मुलगी या दोघांवरही ठेवले. 1987 साली महाराष्ट्रातील एका पित्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलगीही या दायित्वातून सुटत नाही, असा निर्णय दिला. 2007 च्या कायद्याने मुलगा, मुलगी, नातू व नात यांची नावे घेतली. सून त्यात नाही. 2019 साली मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सून व जावई यांचा अंतर्भाव होता. त्याचा कायदा झाला नाही. सुनेवर कायदेशीर बोजा पडला नाही हे ठीकच. पण जी प्रत्यक्ष 'करते' तिला कर्ता म्हणून ओळखणारे कलमही कोठे नाही.

शासनाने हे काम मोजले तेही उशिराच. 2019 च्या अखिल भारतीय वेळवापर पाहणीत घरातील विनावेतन शुश्रूषेत भाग घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 27.6 टक्के व पुरुषांचे 14 टक्के आढळले. अशा स्त्रियांचा दिवसाचा काळ सरासरी 134 मिनिटे, पुरुषांचा 76. यात मुलांचे संगोपनही धरले आहे, तेव्हा केवळ वृद्धसेवेचे आकडे म्हणून ते वापरता येणार नाहीत. शिवाय रात्री दोनदा उठणे मिनिटांत कसे मोजावे, हाही प्रश्न आहेच.

तेव्हा क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी कन्नड, पिशोर, चाळीसगाव या पट्ट्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांकडे जावे, आणि 'घरात वृद्धांची काळजी कोण घेई' असे न विचारता 'सासूचे कोणी केले' असे विचारावे. पहिल्या प्रश्नास घरातील पुरुष उत्तर देतो.