डायमंड क्रॉसिंग (मॉडेल रेल्वे) : इंजिन अडणे

दोन रूळमार्ग एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात, ती जागा. इथे सांधा नसतो. गाडी सरळ पार होते. नागपूरच्या प्रसिद्ध क्रॉसिंगवरून जाणारे विजेचे इंजिन डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. मॉडेलचे इंजिन ती चाकाखालच्या रुळांतून घेते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

एचओ प्रमाणात (१:८७, गेज १६.५ मिमी) दोन रुळांची नेहमीची पद्धत म्हणजे एक रूळ धन, दुसरा ऋण. असे दोन मार्ग छेदले की रूळ रुळाला चार ठिकाणी भेटतो आणि त्यांपैकी दोन ठिकाणी विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतात. शॉर्ट टाळण्यासाठी तिथला फ्रॉग (रूळ रुळाला छेदतो तो तुकडा) बहुधा प्लास्टिकचा करतात. त्यावर आलेल्या चाकाला वीज मिळत नाही. लांब इंजिनाची बाकीची चाके वेळ निभावून नेतात. चार चाकी शंटरला मात्र एका बाजूला दोनच चाके. एक फ्रॉगवर आणि दुसऱ्याखाली धुळीचा कण, एवढे त्याला थांबवायला पुरते. कोन जितका लहान तितका फ्रॉग लांब, म्हणून ९० अंशांवर सहज जाणारे इंजिन १२ अंशांच्या क्रॉसिंगवर अडते. चाकाला रबरी कडे असेल तर तेही वीज घेण्याच्या कामी येत नाही.

आधी एक गोष्ट ठरवावी : वीज तुटते की शॉर्ट होतो? फक्त तेच इंजिन थांबले तर वीज तुटली. त्याच पुरवठ्यावरच्या इतर गाड्याही थांबल्या तर शॉर्ट. दिव्याचे इंजिन बोटाने हळूहळू सरकवावे आणि दिवा विझेल तिथे वाकून पाहावे. कागदाची पातळ पट्टी एखाद्या चाकाखालून अलगद सरकली, तर ते चाक रुळाला टेकलेलेच नाही. अशा वेळी स्टीलची पट्टी रुळांवर उभी धरली की प्लास्टिकचा उंचवटा लगेच कळतो. तो बारीक कानशीने थोडा थोडा उतरवावा.

सर्वांत जास्त वेळा दोष मळाचा निघतो. रुळांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले कापड आडवे टाकावे. इंजिनाची एका टोकाची चाके त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून ती फिरू द्यावीत. कापडावर काळ्या रेघा उमटतात. सँडपेपर वापरू नये, त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा बसतो. मग मल्टिमीटरने क्रॉसिंगच्या प्रत्येक रुळावर व्होल्टेज तपासावे. फ्रॉगपलीकडचे तुकडे आतल्या बारीक जोडांनी जोडलेले असतात. जोड सैल झाला असेल तर त्या तुकड्याला स्वतंत्र तार डाखावी.

शॉर्टचे कारण बहुधा रुंद चाक असते. ते फ्रॉगच्या टोकाशी दोन्ही रुळांना एकदम टेकते, आणि डीसीसीत (डिजिटल नियंत्रण पद्धतीत) तेवढ्यानेही पुरवठा तुटतो. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर (एचओत सुमारे १४.४ मिमी) मोजावे, ते बरोबर असेल तर टोकाशी रुळाच्या माथ्यावर नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा.

व्होल्टेज वाढवून इंजिन वेगाने पार काढणे हा इलाज नव्हे. शंटिंगचा सारा आनंद संथ चालीत असतो, आणि तीच हातची जाते. त्यापेक्षा डीसीसी डिकोडरला कपॅसिटर जोडावा, किंवा धातूचा फ्रॉग बसवून त्याची ध्रुवता मार्गानुसार रिलेने बदलावी.

मेर्कलिनच्या तीन-वाहक एचओ पद्धतीत दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात, त्यामुळे तिथे ध्रुवांचा हा पेच येत नाही. तिथे इंजिन अडले तर आधी त्याच्या पोटाखालची, मधल्या खिळ्यांवरून घसरणारी पट्टी पाहावी.