पंपाला घड्याळ कळतं, पुरणपोळी नाही

कंबरेला इन्सुलिन पंप लावून हॉकर सेंटरमध्ये ‘कोपी-ओ कोसोंग’ मागितलीत, की शेजारचे अंकल समजून मान डोलावतात. कोसोंग म्हणजे मलयमध्ये शून्य. साखर बंद केली वाटतं! घरी फोन केला तर मावशीचंही तेच: “लहानपणी फार गोड खायचास ना.”

त्यांचा तरी काय दोष? 2016 मध्ये सिंगापूर सरकारने मधुमेहाविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं. 2022 च्या डिसेंबरअखेरीपासून पेयांना साखर आणि सॅच्युरेटेड फॅट बघून ए ते डी अशी श्रेणी मिळते. पण ही लढाई मुख्यतः टाइप 2 शी. टाइप 1 मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. लाडू खाल्ले म्हणून तो होत नाही.

दुसरा गैरसमज पंपाबद्दलचा: ‘मशीन लावलं, आता काळजी मिटली.’ त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास गंमत म्हणजे उलटा चालला.

लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड कॅडिश यांचं 1960 च्या दशकातलं यंत्र सॅकसारखं पाठीवर वागवावं लागे. पण कल्पना बघा: रक्तातली साखर यंत्रानेच मोजायची आणि त्याप्रमाणे औषध सोडायचं! रोजच्या आयुष्यात हे धूड कोण नेणार? मग 1978 मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले जॉन पिकअप, हॅरी कीन आणि सहकारी यांनी मोजणं सोडूनच दिलं. कातडीखाली बारीक सुई, दिवसभर इन्सुलिनची संथ धार, जेवणाच्या वेळी जादा डोस. बाकी डोकं माणसाने चालवायचं. माझ्या मते पंप टिकला तो यामुळेच, अर्धाच प्रश्न हातात घेतल्यामुळे.

एवढा खटाटोप करून फायदा काय, यावर मात्र डॉक्टरांचं एकमत नव्हतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या डीसीसीटी या 1441 जणांच्या अभ्यासाने ते भांडण मिटवलं. पंपाने किंवा दिवसाला तीन-चार इंजेक्शनांनी साखर काटेकोर ठेवलेल्यांपैकी ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते, त्यांच्यात रेटिनाच्या आजाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला.

मोजणं आणि सोडणं पुन्हा एकत्र यायला 2016 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या हायब्रिड पंपाला मान्यता मिळाली. त्याआधीच डेना लुईससारख्या रुग्णांनी कंपन्यांची वाट न बघता घरी सेन्सर आणि पंप जोडले होते, आणि 2015 मध्ये ती रीत सगळ्यांसाठी खुली केली. हायब्रिड म्हणजे अजूनही अर्धवटच बरं का. लाक्सात कार्ब्स किती, पुरणपोळीत किती, हे तुम्हीच सांगायचं.

आणि पंपात फक्त झटपट उतरणारं इन्सुलिन असतं. नळी मुडपली तर काही तासांत रक्तात कीटोन वाढतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून सुट्टीत मुंबईला निघालात, तर इन्सुलिन पेन हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको. उतरल्यावर पंपाचं घड्याळ अडीच तास मागे घ्या. संथ धारेचं वेळापत्रक त्यावरच चालतं, नाहीतर पहाटेचा डोस मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होईल. आजीने आकडा विचारला तर 7.8 सांगून तिला घाबरवू नका. तिच्या मीटरवर तो 140 असतो. 18 ने गुणायचं.