दोराच्या भरवशावर : उद्वाहकाचा इतिहास

नित्याच्या व्यवहारातील काही साधने इतकी अंगवळणी पडतात की, त्यांनाही इतिहास आहे याचे आपणांस विस्मरण होते. उद्वाहक, म्हणजे ज्याला आपण सारेच 'लिफ्ट' म्हणतो, ते अशांपैकी एक साधन होय. सहाव्या मजल्यावर राहणारा गृहस्थ दिवसातून चार वेळा त्या पेटीत शिरतो, कळ दाबतो आणि दारावरचे आकडे पाहत उभा राहतो. आपला देह काही पोलादी दोरांना टांगलेला आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. हा निःशंकपणा मनुष्याने कसा संपादन केला, हे थोडक्यात सांगावे आणि त्याच दोराने अंतराळात जाण्याची जी कल्पना शास्त्रज्ञांनी मांडली आहे तिचाही परामर्श घ्यावा, असा आमचा येथे हेतू आहे.

ओझे वर चढविण्याची विद्या फार जुनी. आपल्याकडील मोट व रहाट ही तिचीच रूपे. रोमच्या कलोसियममध्ये, इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुरू झालेल्या त्या प्रचंड रंगणात, तळघरातील श्वापदे वर आणण्यासाठी माणसांकरवी फिरविले जाणारे उच्चालक होते. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्राने गिरण्यांतील गाठोडी वर जाऊ लागली. मात्र माणसे त्यांत बसण्यास कचरत, आणि ते स्वाभाविकही होते; कारण दोर झिजतो आणि झिजलेला दोर कधी तुटेल याचा नेम नसतो. म्हणजे अडचण वर कसे चढावे ही नव्हती. दोर तुटल्यास काय, ही होती.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एलिशा ओटिस या कारागिराने दिले. १८५२ साली न्यूयॉर्कनजीक याँकर्स येथील पलंगांच्या कारखान्यात काम करीत असता त्याने मालाच्या उद्वाहकाच्या माथ्यावर गाडीला असते तशी एक कमान स्प्रिंग बसविली. दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राही. दोर सैल पडताच ती सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत अडकत. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः उंच फळीवर उभा राहिला आणि भर गर्दीसमोर त्याने दोर तोडविला. फळी किंचित खचून जागच्या जागी थांबली. यंत्राचा गौरव अनेकांनी केला असेल. पण स्वतःच्या यंत्रावर स्वतःचा जीव टांगून दाखविणारे विरळाच.

१८५७ साली न्यूयॉर्कमधील हॉवाउट यांच्या पाचमजली दुकानात ओटिसने प्रवाशांसाठी उद्वाहक बसविला. १८७० साली त्याच शहरातील इक्विटेबल विमा कंपनीच्या कचेरीत उद्वाहक आले, आणि १८८० साली जर्मनीतील मानहाइम येथे वेर्नर फॉन सीमेन्स याने विजेवर चालणारा उद्वाहक दाखविला. याचा सामाजिक परिणाम मोठा झाला. जिने चढावे लागत तोवर वरचे मजले गरिबांच्या व नोकरचाकरांच्या वाट्याला येत. उद्वाहक आल्यावर मोकळी हवा व दूरवरचे दृश्य यांसाठी तेच मजले अधिक भाड्याचे ठरले. भारतातील आद्य उद्वाहकांपैकी एक १८९२ साली कोलकात्याच्या राजभवनात बसविण्यात आला.

आजच्या उद्वाहकाची रचना पाहिली म्हणजे मोटेची आठवण होते. बैल उताराच्या धावेवरून खाली जातात, तेव्हा त्यांचे वजनही नाडा ओढण्यास साह्य करते. उद्वाहकाचे दोरही माथ्यावरील खाचांच्या चाकावरून जातात. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला लोखंडी प्रतिभार. हा प्रतिभार रिकामी पेटी अधिक सुमारे अर्धी माणसे यांच्या वजनाइतका असतो. परिणामी विजेच्या मोटारीला केवळ दोन्हींतील फरकच ओढावा लागतो. दोर एक नसून अनेक असतात. शिवाय वेगनियंत्रक निराळाच. पेटी ठरावीक वेगापेक्षा जोराने खाली येऊ लागली की तो जबडे आवळून तिला मार्गदर्शक रुळांना जखडून टाकतो.

ही व्यवस्था सहसा दगा देत नाही. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात एक बाँबफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले, तेव्हा दोरांबरोबर वेगनियंत्रकाचा दोरही निकामी झाला आणि बेटी लू ऑलिव्हर ही चालक तरुणी पंचाहत्तर मजले खाली कोसळली. खाली साचलेल्या दोरांच्या वेटोळ्यांमुळे व कोंडलेल्या हवेमुळे ती जबर जखमी होऊनही वाचली. असे अपघात अपवादात्मक राहावेत म्हणून कायदाही आला. मुंबई प्रांतात उद्वाहकांसंबंधीचा स्वतंत्र कायदा १९३९ साली झाला. महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली.

दोराची खरी मर्यादा मात्र निराळी आहे : त्याला स्वतःचेच ओझे होते. उत्तम पोलादाची तार टांगली तर वीस-बावीस किलोमीटर लांबीनंतर ती स्वभारानेच तुटेल. सुरक्षिततेसाठी कित्येक पट ताकद हाती राखावी लागते, म्हणून इमारतींत पोलादी दोराची मजल सुमारे पाचशे मीटरांपर्यंतच जाते. २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या तीन किलोमीटरहून खोल सोन्याच्या खाणीत कामगारांना टप्प्याटप्प्याने उतरावे लागे. फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ साली कार्बन तंतूंचा हलका पट्टा पुढे आणला, तो हजार मीटरांसाठी.

आता अंतराळाकडे वळू. १८९५ साली रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की याने आयफेल मनोऱ्यावरून स्फूर्ती घेऊन आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्याची कल्पना केली. १९६० साली युरी आर्त्सुतानोव्ह याने ती उलटी केली : जमिनीवरून रचत न जाता वरून दोर सोडावा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या एका फेऱ्याइतक्याच वेळात प्रदक्षिणा करतो, म्हणून तो एकाच जागी स्थिर भासतो. आपले इन्सॅट उपग्रह याच कक्षेतील. तेथून एक टोक पृथ्वीकडे व दुसरे बाहेर सोडले, की बाहेरचा भाग प्रतिभार होऊन दोर ताठ ठेवील. १९७५ साली अमेरिकेच्या जेरोम पिअर्सन यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली, तर १९७९ साली आर्थर क्लार्क यांनी श्रीलंकेच्या धर्तीवरील एका बेटावर तिची कादंबरी रचली. जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ साली ९६,००० किलोमीटर लांबीच्या दोराची योजना जाहीर केली.

अडचण जुनीच आहे. सारख्या जाडीचा असा दोर टिकायचा, तर पृथ्वीवर सुमारे पाच हजार किलोमीटर लांबीचा स्वभार पेलण्याइतकी ताकद त्यात हवी. पोलादाची मजल वीस-बावीसची. दोर मधोमध जाड व टोकांकडे निमुळता केला तर अट सौम्य होते, पण पोलाद तरीही पुरत नाही. कार्बनच्या सूक्ष्म नलिकांवर आशा आहे. मात्र २०१३ साली चिनी संशोधकांनी केलेली विक्रमी नलिका अर्ध्या मीटरहून थोडीच लांब होती.

ही योजना केव्हा फळास येईल, हे भविष्यकाळच ठरवील. ओटिसचा धडा मात्र आजच घेण्याजोगा आहे. दोर तुटणार नाही, असे त्याने कोणालाही सांगितले नाही. तुटला तर काय, याची तरतूद त्याने आधी केली. आपल्यापैकी पुष्कळांच्या इमारती आता जुन्या झाल्या आहेत. तेथील उद्वाहकाची तपासणी वेळच्या वेळी होते की नाही, याची विचारपूस प्रत्येक रहिवाशाने करावी, एवढीच आमची विनंती आहे. आपला निःशंकपणा त्या तपासणीवरच उभा आहे.